एकच मनोरा, एकच गाणे : मुंबईतील खासगी एफएमचा प्रकरण अभ्यास

मुंबईहून द्रुतगती मार्गाने पुण्याला जाताना गाडीतील रेडिओ 98.3 मेगाहर्ट्झवर ठेवला, तर खालापूरपर्यंत मुंबईचा निवेदक स्पष्ट ऐकू येतो. घाट चढू लागल्यावर एका वळणावर मुंबईचे गाणे मध्येच तुटून पुण्याची जाहिरात सुरू होते, पुढच्या वळणावर पुन्हा मुंबई येते, आणि लोणावळा ओलांडल्यावर पुणे स्थिरावते. या साऱ्या वेळात रेडिओची कळ कोणी फिरवलेली नसते. रेडिओ मिरचीची मुंबई आणि पुणे ही दोन्ही केंद्रे 98.3 वरच आहेत, रेड एफएमची दोन्ही 93.5 वर आणि रेडिओ सिटीची दोन्ही 91.1 वर. एकाच वारंवारतेवरची दोन केंद्रे जेमतेम सव्वाशे किलोमीटर अंतरावर नांदू शकतात, याचे श्रेय मधल्या सह्याद्रीला द्यावे लागते.

घाटातली ही झटापट गमतीची असली तरी प्रस्तुत प्रकरणाचे एक मोठे सूत्र तिच्यात आहे. मुंबईच्या खासगी केंद्रांमध्ये गेली दोन दशके जी स्पर्धा चालू आहे, तिच्यात कोणाचा आवाज किती दूर पोहोचतो हा मुद्दा जवळजवळ नाहीच. प्रक्षेपणाची पोहोच नियमानेच सर्वांना सारखी वाटून दिलेली आहे. मग स्पर्धा झाली ती कशावर, आणि तिच्यातून शहराच्या स्वतःच्या भाषेला काय मिळाले, हा या अभ्यासाचा विषय आहे.

पूर्वपीठिका

मुंबईचे रेडिओकेंद्र देशातील सर्वांत जुन्या केंद्रांपैकी एक. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीने 23 जुलै 1927 रोजी ते सुरू केले तेव्हा त्याचा प्रक्षेपक दीड किलोवॅटचा होता. कंपनी 1930 मध्ये बुडाली, प्रसारण सरकारने हाती घेतले आणि 1936 मध्ये त्याला ऑल इंडिया रेडिओ हे नाव मिळाले. खासगी धंदा म्हणून सुरू झालेला रेडिओ असा तीन वर्षांतच सरकारी झाला आणि पुढे सहा दशके तसाच राहिला.

या मक्तेदारीला पहिली फट पडली ती 1993 मध्ये. आकाशवाणीने मुंबई-दिल्लीतील आपल्या एफएम वाहिनीवरचे काही तास खासगी कंपन्यांना विकत देण्यास सुरुवात केली. मनोरा सरकारी, वारंवारता सरकारी आणि आवाज मात्र टाइम्स एफएमचा किंवा रेडिओ मिड-डेचा, अशी ही व्यवस्था होती. ती 1998 मध्ये बंद झाली, पण तोवर एफएमवर जाहिरात खपते हे वृत्तपत्रसमूहांना कळून चुकले होते. दरम्यान 9 फेब्रुवारी 1995 रोजी सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेट असोसिएशन ऑफ बंगालच्या खटल्यात प्रसारणाच्या रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे सांगितले. त्या खंडपीठावर न्या. पी. बी. सावंत होते. खटला क्रिकेट सामन्यांच्या दूरचित्रवाणी प्रक्षेपणाचा होता, तरी रेडिओच्या खासगीकरणाचा कायदेशीर पाया म्हणून पुढे याच निकालाचा हवाला दिला जाऊ लागला. निकालाचा आशय मात्र खासगीकरणापुरता मर्यादित नव्हता. लहरी सरकारच्या नाहीत तशा त्या पैसेवाल्यांच्याही नाहीत, हा त्याचा दुसरा अर्धा भाग धोरण आखताना बराचसा बाजूला पडला.

पहिला टप्पा : शुल्काचा फास

केंद्र सरकारने 1999 मध्ये 40 शहरांतील 108 वारंवारता लिलावात काढल्या. लिलाव खुल्या बोलीचा होता, परवाना दहा वर्षांचा होता, आणि जिंकलेली बोली हेच पहिल्या वर्षाचे शुल्क धरून ते दरवर्षी 15 टक्क्यांनी वाढत जाणार होते. मुंबईत बोली वार्षिक 9.75 कोटी रुपयांवर थांबली.

या अटीचा अर्थ कागदावर मांडून पाहण्यासारखा आहे. 9.75 कोटींवर दरसाल 15 टक्के चढत गेले की चौथ्या वर्षी आकडा 14.8 कोटींच्या घरात जातो आणि दहाव्या वर्षी 34 कोटींच्या पुढे. केंद्राने एक रुपया कमावला काय किंवा पन्नास कोटी कमावले काय, सरकारला देणे तेवढेच. शेतसारा पिकावर न घेता जमिनीच्या मापावर घ्यावा, आणि वर तो दरवर्षी वाढवत न्यावा, तसा हा प्रकार होता. बोली लावणाऱ्यांना हे गणित येत नव्हते असे नाही. परंतु खुल्या लिलावात प्रतिस्पर्ध्याने हात वर केला की आपलाही हात वर जातो, आणि दहाव्या वर्षाचा हिशेब दहाव्या वर्षी पाहू असे वाटते. परिणामी देशभरात काढलेल्या 108 वारंवारतांपैकी प्रत्यक्षात 12 शहरांतील 21 केंद्रेच सुरू झाली.

मुंबईत 2002 च्या उन्हाळ्यात काही आठवड्यांच्या अंतराने पाच केंद्रे हवेत आली : रेडिओ मिरची, रेडिओ सिटी, रेड, गो 92.5 आणि विन 94.6. पाचही केंद्रांना बातम्या देण्यास मनाई होती, तो अधिकार आकाशवाणीकडेच राहिला. म्हणजे स्थानिक केंद्राचे सर्वांत स्वाभाविक काम, गावात आज काय घडले ते सांगणे, हेच मुळात वर्ज्य होते. उरले संगीत, गप्पा आणि वाहतुकीची माहिती. त्यातही जाहिरातदाराला जास्तीत जास्त कान हवे असल्याने नव्या हिंदी चित्रपटांची गाणी हाच बहुतेकांचा माल ठरला. गो 92.5 ने इंग्रजीकडे झुकणारा, वरच्या उत्पन्नगटातील श्रोता धरला.

आकाशवाणीही त्याच शहरात 107.1 आणि 100.7 मेगाहर्ट्झवर होती, आणि तिच्या डोक्यावर 9.75 कोटींचे ओझे नव्हते. खासगी केंद्रांनी या विषमतेबद्दल तक्रारी केल्या, त्यांत तथ्य होते. मात्र त्याच आकाशवाणीवर शेतीपासून शास्त्रीय संगीतापर्यंत सगळे सांभाळण्याची जबाबदारी होती आणि खासगी केंद्रांवर तशी कोणतीच नव्हती, हेही त्याच हिशेबात धरले पाहिजे.

दुसरा टप्पा आणि 800 किलोहर्ट्झची शिडी

रेडिओ धोरणासाठी सरकारने नेमलेल्या डॉ. अमित मित्रा समितीने आणि त्यानंतर 2004 मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने ठरावीक शुल्क रद्द करून उत्पन्नातील हिस्सा घ्यावा, अशी शिफारस केली. जुलै 2005 च्या धोरणाने ती मान्य केली. एकदाच भरायचे प्रवेशशुल्क आणि त्यानंतर ढोबळ उत्पन्नाच्या 4 टक्के किंवा प्रवेशशुल्काशी बांधलेली किमान रक्कम, यांपैकी जे जास्त असेल ते, अशी नवी रचना आली. 91 शहरांत 338 वारंवारता खुल्या झाल्या. विन 94.6 मात्र या सुटकेपर्यंत तग धरू शकले नाही, ते धोरणबदलाच्या सुमारासच बंद पडले.

तांत्रिक बाजूने या टप्प्यात दोन गोष्टी पक्क्या झाल्या आणि त्या दोन्ही या प्रकरणाच्या मुळाशी आहेत.

पहिली म्हणजे सामाईक मनोरा. एका शहरातील सर्व खासगी केंद्रांनी एकाच ठिकाणाहून प्रक्षेपण करावे अशी अट घालण्यात आली. प्रत्येक केंद्राचा प्रक्षेपक वेगळा असतो, पण त्या सर्वांचे संकेत कंबायनर नावाच्या यंत्रणेत एकत्र करून एकाच अँटेनाला दिले जातात. महानगरांच्या गटाला 25 ते 50 किलोवॅट एवढी परिणामी विकिरित शक्ती, म्हणजे अँटेनातून प्रत्यक्ष बाहेर फेकल्या जाणाऱ्या संकेताचा जोर, ठरवून देण्यात आली. यामागचे कारण समजण्यासारखे आहे. केंद्रे शहरभर विखुरलेली असली तर एका केंद्राच्या मनोऱ्याजवळ राहणाऱ्याला बाकीची केंद्रे नीट लागत नाहीत, कारण जवळचा जबरदस्त संकेत स्वस्त रेडिओसंचाला बधिर करून टाकतो. सगळे एकाच जागी असले की ज्याला एक केंद्र नीट लागते त्याला बाकीचीही तितकीच नीट लागतात.

दुसरी गोष्ट म्हणजे वारंवारतांमधील अंतर. एफएमचे एक प्रक्षेपण साधारण 200 किलोहर्ट्झ जागा घेते, तरी एका शहरातील दोन केंद्रांत 800 किलोहर्ट्झ अंतर ठेवायचे ठरले. एकाच अँटेनावर संकेत एकत्र करणे त्यामुळे सोपे होते आणि साध्या संचालाही शेजारची केंद्रे वेगळी काढता येतात. मुंबईच्या खासगी वारंवारता ओळीने लिहून पाहिल्या तर ही शिडी लगेच दिसते : 91.1, 91.9, 92.7, 93.5, 94.3, मग 98.3, आणि वर 104.0 व 104.8. या शिडीत 92.5 ला पायरी नव्हती. गो 92.5 ला 94.3 वर जावे लागले, आणि ज्या केंद्राने वारंवारतेलाच आपले आडनाव केले होते त्याला नावही बदलून रेडिओ वन व्हावे लागले. रेडिओ सिटी 91 वरून 91.1 वर सरकली, तिचे फारसे बिघडले नाही. एका दशांशाने कोणाचा ब्रँड वाचला आणि कोणाचा गेला, हे एरवी कोरड्या वाटणाऱ्या तांत्रिक तक्त्यातले नाट्य आहे.

पोहोच : कागदावरची आणि कानावरची

एफएमच्या लहरींची लांबी सुमारे तीन मीटर असते आणि त्या जवळजवळ प्रकाशासारख्या सरळ जातात. अँटेना जमिनीपासून जितकी उंच तितके तिचे क्षितिज दूर. उंचीच्या मीटरमधील आकड्याचे वर्गमूळ काढून त्याला साधारण 4.1 ने गुणले की किलोमीटरमधील अंतर मिळते. शंभर मीटर उंचीवरून हे क्षितिज 41 किलोमीटरवर येते, तीनशे मीटरवरून 71 किलोमीटरवर. शक्ती वाढवल्याने या क्षितिजाच्या आतला आवाज दणकट होतो, क्षितिज स्वतः फारसे हलत नाही. म्हणूनच एफएमच्या धंद्यात वॅटपेक्षा उंचीला मान आहे.

मुंबईच्या बाबतीत या सूत्रावर भूगोलाचे संस्कार होतात. बंदरापलीकडे मोकळ्या पाण्यावरून संकेत विनाअडथळा जातो, त्यामुळे अलिबागच्या श्रोत्याला मुंबईचे केंद्र लागते, जरी त्याच्यासाठी कोणी जाहिरातदार पैसे मोजत नसला तरी. उलट माथेरानच्या डोंगरामागचा भाग सावलीत पडतो. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील टेकड्या शहराच्या मधोमध उभ्या आहेत. उंच इमारतींवरून परावर्तित झालेला संकेत मूळ संकेतापेक्षा किंचित उशिरा पोहोचतो आणि दोहोंच्या भांडणातून ती ओळखीची फरफर ऐकू येते. लोकलमध्ये दाराशी उभे राहून मोबाइलवर एफएम ऐकणाऱ्याला ती पाठ झालेली असते.

घाटातील झटापटीचेही स्पष्टीकरण इथेच आहे. एफएमचा संच एका वारंवारतेवर दोन संकेत आले तर त्यांची सरमिसळ करत नाही. जो थोडा जोरकस असेल त्याला तो पूर्ण पकडतो आणि दुसऱ्याला गिळून टाकतो. मध्यम लहरींवर (मीडियम वेव्ह) दोन केंद्रे एकमेकांवर चढली की मागे कुजबुज ऐकू येते, तशी ती इथे येत नाही. त्यामुळे वळणागणिक मुंबई किंवा पुणे, यांपैकी एकच पूर्ण ऐकू येते. कंपन्यांच्या दृष्टीने हा तोटा नसून फायदाच आहे, कारण 98.3 हा आकडा एकदा लक्षात बसला की गाव बदलले तरी ग्राहक बदलत नाही.

मध्यम लहरींचे गणित अगदी वेगळे. त्या लहरी शेकडो मीटर लांबीच्या असतात, जमिनीला आणि त्याहून अधिक समुद्राच्या खाऱ्या पाण्याला धरून चालतात, आणि डोंगराला वळसा घालतात. मुंबई आकाशवाणीची मराठी वाहिनी अस्मिता 558 किलोहर्ट्झवर ऐकू येत असे ती केवळ शहरात नव्हे, तर किनाऱ्याने खाली कोकणातही. किलोमीटरमध्ये मोजायचे तर मुंबईच्या कोणत्याही खासगी केंद्रापेक्षा अस्मितेची पोहोच मोठी होती. पण पोहोच मोजताना मनोऱ्याच्या बाजूने मोजून भागत नाही, ती कानाच्या बाजूनेही मोजावी लागते. 2002 नंतरच्या दशकात मुंबईकराच्या खिशात जो रेडिओ आला तो मोबाइलमधला होता. त्यात फक्त एफएम होते आणि इअरफोनची वायर हीच त्याची अँटेना होती. घरातला मध्यम लहरींचा संच चार्जर, ट्यूबलाइट आणि लिफ्टच्या मोटारींच्या खरखरीत आधीच बेजार झाला होता. अशा रीतीने नकाशावर सर्वांत लांब पोहोचणारी वाहिनी शहरातल्या शहरात ऐकेनाशी झाली, आणि ती मराठी होती.

पाच दुकाने, एक माल

एकीकडे पोहोच समान, दुसरीकडे मालही समान. या दुसऱ्या समानतेचे खापर अनेकदा केंद्रचालकांच्या अभिरुचीवर फोडले जाते. ते अन्यायाचे आहे असे मला वाटते. पीटर स्टायनर या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने 1952 मध्येच दाखवून दिले होते की जाहिरातीवर चालणारी रेडिओकेंद्रे स्पर्धेत असली की ती एकमेकांची नक्कल करतात, आणि हे त्यांच्या हिशेबाला धरूनच असते.

आकडे निव्वळ उदाहरणादाखल घेऊ. शंभर श्रोते आहेत : 70 जणांना नवी हिंदी गाणी हवीत, 12 जणांना जुनी हिंदी, 10 जणांना मराठी आणि 8 जणांना इंग्रजी. शहरात पाच केंद्रे आहेत आणि एका मालकाला एकच केंद्र काढण्याची मुभा आहे, जशी ती पहिल्या दोन टप्प्यांत होती. पाचही केंद्रांनी नवी हिंदी गाणी लावली तर प्रत्येकाच्या वाट्याला 14 श्रोते येतात. त्यांपैकी एकाने जुन्या गाण्यांकडे वळायचे म्हटले तर त्याला 12 मिळतील, मराठीकडे वळला तर 10. कोणीही वळणार नाही. सहावे केंद्र आले की वाटा 70 भागिले 6, म्हणजे पावणेबाराच्याही खाली येतो, आणि मग त्या सहाव्याला जुनी गाणी परवडतात. सातवे पुन्हा नव्या हिंदी गाण्यांकडे जाते. मराठीला बरोबरीची संधी मिळायला आठव्या केंद्राची वाट पाहावी लागते. इंग्रजीच्या आठ श्रोत्यांसाठी मात्र जाहिरातदार दुप्पट दर मोजायला तयार असेल तर ते आठ सोळासारखे वागतात आणि रांग मोडून पुढे येतात. गो 92.5 ने इंग्रजीची वाट का धरली असावी याचा अंदाज या हिशेबातून येतो.

मराठीच्या बाबतीत याहून वाईट गोष्ट अशी की ते दहा जण खरे दहा राहतच नाहीत. मुंबईचा मराठी श्रोता हिंदी गाणे समजतो, गुणगुणतो आणि मराठी न मिळाल्यास रेडिओ बंद न करता हिंदीच ऐकतो. त्यामुळे श्रोत्यांनी भरलेल्या डायऱ्यांवरून केंद्रांची क्रमवारी ठरवण्याची पद्धत मुंबईत रूढ झाली तेव्हा तो हिंदी केंद्राचा समाधानी श्रोता म्हणूनच नोंदला गेला. त्याची पहिली पसंती कोणत्याच रकान्यात दिसत नाही. चेन्नईतील तमिळ श्रोत्याने हिंदी गाणे लागताच केंद्र बदलले असते. आपल्या बहुभाषिक सहिष्णुतेची किंमत मराठी माणसाने रेडिओवर अशी मोजली, याला कोणी औदार्य म्हणावे की आळस, ते मी वाचकावर सोडतो.

कोल्हापूरचे चित्र तुलनेसाठी उपयोगी आहे. तिथे पुढारी समूहाचे टोमॅटो एफएम 94.3 वर आहे. तिथे मराठी श्रोता हाच बहुसंख्य श्रोता असल्याने मराठी बोलणे ही धंद्याचीच गरज ठरते. जिथे मराठी सत्तर आहे तिथे बाजाराला कोणी सांगावे लागत नाही. प्रश्न आहे तो तिच्या राजधानीत, जिथे ती दहा आहे किंवा दहा असल्यासारखी मोजली जाते.

तिसऱ्या टप्प्यातील बदल

2011 मध्ये जाहीर झालेल्या आणि 2015 मध्ये लिलावाला आलेल्या तिसऱ्या टप्प्याने एक महत्त्वाची गाठ सोडवली. शहरात किमान तीन वेगळे मालक राहतील आणि कोणाकडेही 40 टक्क्यांहून जास्त वाहिन्या जाणार नाहीत या अटींवर एका मालकाला एकाच शहरात दुसरी वाहिनी घेता येऊ लागली. परवान्याची मुदत पंधरा वर्षांची झाली आणि आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा प्रसारित करण्याची मुभा मिळाली.

वरचेच उदाहरण पुढे नेले तर या बदलाचे वजन कळते. पाचांपैकी एका मालकाने सहावी वाहिनी घेतली आणि तिच्यावरही नवी हिंदी गाणीच लावली, तर त्याच्या दोन वाहिन्यांना मिळून 23.3 श्रोते मिळतात. आधीचे 14 वजा केले की भर पडते फक्त 9.3 श्रोत्यांची, कारण उरलेले त्याने स्वतःच्याच खिशातून काढलेले असतात. जुन्या गाण्यांचे 12 आणि मराठीचे 10, हे दोन्ही आकडे त्याहून मोठे आहेत. बाहेरून नवा येणारा ज्या मराठीकडे पाहणार नाही, ती शहरात आधीच बस्तान बसवलेल्या मालकाला परवडू शकते. विविधता हवी असेल तर मालक वाढवा, ही सर्वमान्य समजूत इथे उलटी पडते. मक्तेदारीचे धोके अर्थातच वेगळे, आणि 40 टक्क्यांची अट त्यासाठी योग्यच आहे.

मुंबईत घडलेही काहीसे असेच. फीव्हर 104 चालवणाऱ्या एचटी समूहाने 91.9 ही पायरी घेतली आणि 2016 मध्ये तिच्यावर जुन्या हिंदी गाण्यांची रेडिओ नशा सुरू केली. बारा जणांची सोय झाली.

दहा जणांसाठीचे दार दोन बाजूंनी उघडू शकते. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने 800 ऐवजी 400 किलोहर्ट्झ अंतर पुरेसे असल्याची शिफारस 2012 मध्ये केली होती. तसे झाले तर शिडीच्या प्रत्येक दोन पायऱ्यांमध्ये एक नवी पायरी बसते, केंद्रांची संख्या वाढून वाटे लहान होतात आणि मराठीचा आकडा स्पर्धेत येतो. कंबायनर अधिक काटेकोर लागतील, स्वस्त संचांवर शेजारची केंद्रे थोडी चढतील, आणि कोट्यवधी मोजून पायरी घेतलेले मालक विरोध करतील. दुसरी वाट सार्वजनिक प्रसारणाची आहे. मध्यम लहरींवरच्या विविध भारतीला मुंबईत पुढे 102.8 मेगाहर्ट्झची जागा मिळाली आणि ती मोबाइलच्या आवाक्यात आली. मराठीतून भरगच्च कार्यक्रम देणाऱ्या अस्मितेचा आवाज मात्र 558 किलोहर्ट्झवरून समुद्राच्या पाण्यावर दूरवर जात राहिला, आणि चर्चगेटहून सुटलेल्या लोकलमधल्या इअरफोनपर्यंत पोहोचण्यासाठी त्याला अखेर आकाशवाणीच्या अ‍ॅपचा आधार घ्यावा लागला.